एकाहत्तरची उपकारस्तुती

रिबका आमच्या घरी आली तेव्हा आम्ही दोघी आठवीत होतो. ती माझ्या आत्याची मुलगी. आत्या खर्ड्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती, एकटी होती, आणि तिच्या ड्युट्या अशा असायच्या की मुलगी शाळेतून आली की घराला कुलूप. म्हणून पप्पांनी बहिणीला सांगितलं, पोरीला शेवगावला पाठव, सारा आहेच, दोघी मिळून शिकतील. सारा म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही. त्या वयाच्या मुलीला विचारण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती, एवढंच इथे नोंदवते. रिबका एसटीतून उतरली, मम्मीला "मामी, सलाम" म्हणाली, आणि मम्मीने तिला जवळ घेतलं ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. हे मी पाहिलं. पुढची सगळी वर्षं मी तेच पाहत राहिले: कोणाला किती वेळ, कोणाला किती.

आमचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, बाजूला पत्र्याची पडवी. कापसाच्या दिवसांत टेम्पोंची रांग आमच्या फाटकापर्यंत यायची आणि ड्रायव्हर लोक पाणी मागायला दारात उभे राहायचे. पडवीत मम्मीचं शिलाई मशीन. ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि जून जवळ आला की मशीनचा आवाज जेवताना, अभ्यास करताना, प्रार्थनेच्या आधी आणि नंतर चालूच असायचा. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रोज मोटरसायकलवर एका वाडीला जायचे आणि परत आल्यावर खडूने पांढरे झालेले हात पडवीतल्या बादलीत बुडवून आधी विचारायचे, "पोरी आल्या का?" रिबका येण्याआधी ते "सारा आली का?" असं विचारायचे. बदल एका शब्दाचा होता, पण वाक्यातून माझं नाव गेलं होतं.

मम्मी आम्हा दोघींना एकाच तुकड्यातून ड्रेस शिवायची. कापड एकच, माप जवळजवळ एकच, बटणंही एकाच पुडीतली. तरी तो ड्रेस रिबकाच्या अंगावर गेला की लोक म्हणायचे, "वहिनी, कापड छान आणलंत." माझ्या अंगावर असला की कोणी कापडाबद्दल बोलायचं नाही. रविवारी चर्चहून आल्यावर मटण असायचं, आणि पातेल्यात एक चांगली नळी असायची. आधी ती माझी होती. रिबका आल्यावर मम्मी म्हणाली, "तिची आई इथं नाही ना गं." हे कारण खरं होतं आणि त्याला उत्तर नव्हतं. ज्या कारणाला उत्तर नसतं त्याचा राग माणूस नीट धरून ठेवतो. रिबका नळी ताटलीवर आपटून मगज काढायची आणि अर्धा माझ्या भाकरीवर ठेवायची. मी तो खायचे. तो खाताना मला ती अधिकच नकोशी व्हायची.

मत्सराबद्दल लिहिताना लोक आग, विष असले शब्द वापरतात. माझा अनुभव तसा नाही. माझा मत्सर कामाला लागलेल्या कारकुनासारखा होता. रोज वेळेवर यायचा, नोंदी करायचा, घरी जायचा. रिबका माझ्याशी एकदाही वाईट वागली नाही. ती वाईट वागली असती तर माझी बरीच सोय झाली असती.

बारावीच्या वर्षी पप्पांच्या एका मित्राने पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाची माहिती आणली. तिथे काही मुलांना संपूर्ण फी माफ व्हायची, राहणं-जेवण धरून. फीमाफी मिळाली तरच जायचं, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. मला तिथे जायचं होतं. रिबका जाणार असेल तर आणखीच जायचं होतं. आणि ती न जाता मी एकटी गेले, तर त्याहून बरं, हेही मनात होतं. अर्जासाठी एक सामाईक परीक्षा होती, कॉम्प्युटरवर द्यायची. तिचं केंद्र नगरला होतं. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण तेव्हा एसटीत सगळे नगरच म्हणायचे. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून गेलो, एकाच डब्यातली पोळी खाल्ली, आणि एकाच बसने परत आलो. परतताना रिबका खिडकीला डोकं टेकून झोपली. मला झोप लागली नाही. ज्याचा पेपर चांगला गेला तो झोपतो, असं मी त्या प्रवासात ठरवून टाकलं.

निकाल शनिवारी दुपारी पप्पांच्या मोबाईलवर आला. मम्मी हुलग्याचे शेंगोळे करत होती. ती पिठाच्या लांब वळ्या हातावर वळायची आणि त्या उकळत्या रश्श्यात सोडायची, वास पडवीपर्यंत यायचा. पप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"रिबका, अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले.

"आणि सारा?" मम्मीने विचारलं. तिने विचारलं नसतं तर पप्पा किती वेळ गप्प राहिले असते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"एकाहत्तर."

"शंभरातले?"

"तसं नसतं ते. शंभर पोरं उभी केली तर एकाहत्तर हिच्या मागं, बाकीची पुढं."

"म्हणजे बरंच आहे की."

"बरं आहे," पप्पा म्हणाले. शाळेत पालकांना मुलाबद्दल काही तरी चांगलं सांगायचं असेल आणि आठवत नसेल, तेव्हाचा हा त्यांचा आवाज होता.

मग खर्ड्याला फोन लावला. आत्या फोनवर रडली, ते स्पीकर न लावताही ऐकू आलं. ती म्हणाली, "दादा, उद्या माझ्या वतीनं पाकीट दे रे. उपकारस्तुतीचं." आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ही रीत अजून आहे. नोकरी लागली, आजारी माणूस बरं झालं, बोअरला पाणी लागलं, मूल पास झालं, की पाकिटात जमेल ते घालायचं, वर कारण लिहायचं, आणि पाळकसाहेब ते कारण सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. मंडळी आमेन म्हणते. गावातल्या ख्रिस्ती घरांत काय चाललंय याची बातमी आठवड्यातून एकदा अशी जाहीर होते.

त्या रात्रीच्या जेवणाला अर्जाचा विषय निघाला. विद्यापीठाच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की परीक्षेचे गुण देणं ऐच्छिक आहे. दिले नाहीत तर बारावी, निबंध आणि मुलाखत यांवर विचार होईल, आणि गुण न दिल्याने कोणाचं नुकसान होणार नाही. पप्पांनी ते वाक्य दोनदा वाचलं. सरकारी परिपत्रकं वाचून वाचून त्यांना कोणत्याही वाक्यामागे दुसरं वाक्य दिसायचं.

"न भरलं तर ते समजणार, कमी आहेत म्हणून," पप्पा म्हणाले. "आणि आपण लपवल्यासारखं होतं ते."

"त्यांनी विचारलंच नाही तर सांगायचं कशाला?" मम्मी म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला आपण घरातलं सगळं दाखवतो का?"

"रिबकाचे भरायचे आणि हिचे नाही? पत्ता एकच आहे दोघींचा. शेजारी शेजारी ठेवले अर्ज, की कळलंच ना."

"शेजारी कशाला ठेवतील?"

"ठेवतात," मी म्हणाले. घरात, शाळेत, चर्चमध्ये आम्हाला नेहमी शेजारीच ठेवलं होतं. विद्यापीठ वेगळं वागेल असं मानायला मला काही कारण दिसत नव्हतं.

रिबका रश्श्यात भाकरी कुस्करत होती. ती म्हणाली, "मामा, नका भरू तिचे. मी तिचा निबंध वाचलाय. माझ्यापेक्षा चांगला आहे."

"तुला कोणी विचारलं?" मी म्हणाले.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि जेवत राहिली.

निबंध मी मार्केट यार्डातल्या लिलावावर लिहिला होता. बोली पुकारणाऱ्या माणसाचा आवाज कुठल्या भावाला पडतो, आणि तो पडला की शेतकरी कुणाकडे बघतो, एवढंच त्यात होतं. रिबकाला तो आवडला ही गोष्ट खरी असणार, कारण ती खोटं बोलत नसे. पण अठ्ठ्याण्णव मिळवणारीने माझी बाजू घेणं मला त्या घडीला सहन झालं नाही. ज्याच्याकडे सगळं आहे त्यालाच उदार होता येतं, आणि हीसुद्धा तिला मिळालेली एक जास्तीची गोष्ट होती.

रविवारी पाळकसाहेबांनी पाकिटं वाचली. एका घरात नातू झाला होता, एकाची मोटरसायकल घसरूनही तो वाचला होता. मग: "खर्डा येथील आपल्या भगिनी यांच्या वतीने. त्यांची कन्या रिबका हिला पुण्याच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत अठ्ठ्याण्णव मिळाले, म्हणून देवाचे उपकार." आमेन झालं. लोकांनी वळून रिबकाकडे पाहिलं, आणि मग, अगदी ओळीने, माझ्याकडे. पाळकसाहेबांनी पुढचं पाकीट उचललं. ते एका म्हशीचं होतं.

पुढे वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढल्यावर मला कळलं की बातमीत जे नाव यायला हवं आणि आलेलं नाही, वाचक तेच आधी शोधतो. त्या रविवारी मी ते दुसऱ्या बाजूने शिकले.

बाहेर चिंचेखाली सोनाबाई थांबल्या होत्या. सोनाबाई आमच्या मंडळीतल्या जुन्या बाई. भाजीचा धंदा करत, आणि त्यांना भाजीपेक्षा माणसांचा भाव जास्त ठाऊक असायचा.

"सलाम, बाई," त्या मम्मीला म्हणाल्या. "रिबकीचं ऐकलं, लई बरं वाटलं. आन् आमच्या सारीचं? तिचं पाकीट न्हाई आलं?"

मम्मीने पदर सारखा केला. "तिचा निकाल यायचाय अजून," ती म्हणाली.

मम्मीला मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते तिला जमलंही नाही. पण सोनाबाईंनी विश्वास ठेवला, आणि प्रश्न तिथे मिटला असं मम्मीला वाटलं. आमच्या लोकांत कोणाचं काही अडलेलं आहे असं सांगणं म्हणजे त्या कामाला सगळ्यांना लावणं, हे ती घाईत विसरली. दुपारपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विनंती पडली: सारा हिच्या रखडलेल्या निकालासाठी प्रार्थना करावी. खाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. पाथर्डीहून एकाने लिहिलं की आपल्या पुतण्याचाही निकाल असाच अडकला होता आणि उपवासाने सुटला. पप्पांनी मोबाईल मम्मीपुढे धरला. मम्मी म्हणाली, "आता काय करू मी?" रिबका उठून पडवीत गेली. ती तिथे हसत होती. मला पत्र्याच्या भिंतीतून ऐकू येत होतं.

त्या आठवड्याची घरची प्रार्थनासभा आमच्याच घरी होती. संध्याकाळी माणसं आली, पुढच्या खोलीत सतरंज्या पसरल्या, गीतं झाली. प्रार्थनेसाठी सोनाबाई उभ्या राहिल्या. रिबका माझ्या शेजारी बसली होती. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा," सोनाबाई म्हणाल्या, "आमच्या सारीचा निकाल आजून आला न्हाई. तो जिथं कुठं आडाकला आसंल, कम्प्युटरात आसंल, कोन्या सायबाच्या टेबलावर आसंल, तिथून तू त्याला मोकळा कर. तांबड्या समुद्रातून तू येवढी मान्सं भाईर काढली, तुला ह्यो एक कागद काय जड हाय. आन् बापा, रिबकीच्या बरोबरीनं दे तिला. येकदम बरोबरीनं न्हाई जमलं, तर येक-दोन कमी दे, आमची तक्रार न्हाई."

रिबकाचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो हलत होता. तो खांदा हललेला मला कळला, आणि मी डोळे न उघडता म्हणाले, "आलाय निकाल. शनिवारीच आलाय. एकाहत्तर."

कोणी डोळे उघडले की नाही, ते मला माहीत नाही. माझे मिटलेले होते. फक्त सोनाबाईंचा आवाज आला, प्रार्थनेच्याच सुरात. "मंग चार दिस आमी कशासाठी प्रार्थना करतोय?"

"चहा ठेवते मी," मम्मी म्हणाली.

"आधी प्रार्थना पूर्ण करू," पाळकसाहेब म्हणाले.

सोनाबाईंनी घसा साफ केला. "बापा, आला म्हन तो. तुझे उपकार. आमेन."

चहा झाला तेव्हा कोणी मम्मीकडे पाहत नव्हतं. सगळे बशीत पाहत होते. सोनाबाईंनी चहा संपवला आणि पप्पांना विचारलं, "मास्तर, येकाहत्तर म्हंजी नापास व्हय?"

"नाही हो. तसं नापास-पास नसतं त्यात."

"मंग पाकीट का न्हाई दिलं? रिबकीला देवानं दिलं, आन् हिला काय तुमी बाजारातनं आनली?"

एक-दोघं हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढे बराच वेळ त्यांचा हात कपाच्या कानावरच होता. त्यांच्या शाळेत ते सगळ्यात कमी गुण मिळालेल्या मुलाचं नावही निकालाच्या दिवशी मोठ्याने वाचायचे, टाळ्या वाजवायला लावायचे, याचा त्यांना अभिमान होता.

पुढच्या रविवारी पाकीट दिलं गेलं. पप्पांनी मला आधी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी वाचलं, "शेवगाव येथील आपले बंधू यांच्या वतीने. त्यांची कन्या सारा हिला त्याच परीक्षेत एकाहत्तर मिळाले, म्हणून देवाचे उपकार." आमेन मोठं झालं, रिबकाच्या वेळेपेक्षा मोठं. मला ते आवडून घ्यायचं होतं. पण त्यातला सगळ्यात वरचा आवाज माझ्या शेजारून येत होता. रिबका चर्चच्या गायनमंडळात होती, आवाज कुठून काढायचा हे तिला येत होतं. माझ्या उपकारस्तुतीतही तीच जास्त ऐकू आली.

दुपारी पप्पांनी लॅपटॉप उघडला. अर्ज त्यांनीच भरायचे असं ठरलेलं होतं. आम्ही भरले तर चूक होईल, अशी त्यांना भीती होती. रिबकाच्या अर्जात त्यांनी गुण भरले. माझ्या अर्जात त्या प्रश्नापाशी थांबले. गुण जोडायचे आहेत का, होय किंवा नाही.

"भरतो ना?" ते म्हणाले. "आता मंडळीसमोर वाचून झालं. आता लपवायचं काय राहिलं?"

"काही नाही राहिलं. म्हणूनच नको."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

मी सांगितलं ते साधारण असं होतं. ज्यांना कळू नये असं मला वाटत होतं, त्या सगळ्यांना कळलं होतं. चर्चला, शेजाऱ्यांना, खर्ड्याला, पाथर्डीच्या त्या पुतण्यालाही. लपवायचं होतं ते त्यांच्यापासून, आणि ते संपलं होतं. विद्यापीठाने मला विचारलेलं नव्हतं, आणि मला एकाहत्तरने त्यांच्या दारात उभं राहायचं नव्हतं. मला निबंधाने उभं राहायचं होतं. शेवटचं कारण मी बोलले नाही: अठ्ठ्याण्णवच्या शेजारी ठेवायला मी त्यांना माझ्याकडून आकडा देणार नव्हते. रिकाम्या जागेची तुलना निदान कशाशी करायची ते त्यांना ठरवावं लागलं असतं.

पप्पांनी तो प्रश्न परत एकदा वाचला. मग त्यांनी "नाही" वर दाबलं, आणि म्हणाले, "हे तू ठरवलंस. मी नाही." रिबका आल्यापासून घरात मला मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं ज्यात पोरी हा शब्द नव्हता.

दोघींना मुलाखतीला बोलावलं. एका काचेच्या खोलीत तिघं बसले होते. मला त्यांनी लिलावाबद्दल विचारलं, आणि मी पुकारणाऱ्याचा आवाज काढून दाखवला. परीक्षेबद्दल कोणी बोललं नाही. रिबका माझ्यानंतर आत गेली आणि लवकर बाहेर आली. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, ठीक, आणि या वेळी ती झोपली नाही.

निकाल लागला. मला संपूर्ण फीमाफी मिळाली. रिबकाला प्रवेश मिळाला, पण फी भरावी लागणार होती, म्हणजे मिळाला नाही. का, ते विद्यापीठाने कळवलं नाही, आणि तेव्हा मी मनात एक सरळ हिशोब मांडला: या एका ठिकाणी मी तिच्या पुढे. मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते घडलं होतं. आत्याने फोनवर माझं अभिनंदन केलं आणि तिचा आवाज नीट होता. मम्मी दोन दिवस रिबकाशी जपून बोलत होती, जसं आजारी माणसाशी बोलतात. रिबका आजारी दिसत नव्हती.

माझी बॅग भरताना ती मदत करत होती. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा तिच्या नीट पडायच्या. मी विचारलं, "तुला खरंच त्यांनी काय विचारलं गं?"

"विचारलं, इथं का यायचंय?"

"मग?"

"मी म्हटलं, मामांनी फॉर्म भरला म्हणून."

मी हातातला ड्रेस घडी न घालता बॅगेत टाकला.

"खरंच तसं होतं ना," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नव्हतं, सारा. एकदा खर्ड्याहून निघाले तेवढं बास झालं. मला इथंच राहायचं होतं. पण मामांनी इतक्या हौसेनं भरला, नाही कसं म्हणणार." तिने माझा स्वेटर गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात बसवला. "बसला बघ. तू म्हणत होतीस मावणार नाही."

ती शेवगावच्याच कॉलेजात बीएस्सीला गेली. मी पुण्याला गेले. हॉस्टेलवर माझी स्वतःची कॉट होती, स्वतःचं टेबल, आणि शेजारी ठेवायला कोणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी फोन केला. मम्मी बोलत होती: जेवण कसं आहे, पाणी उकळून पी, पांघरूण आहे ना. तिच्या मागे मशीन चालू होतं, म्हणजे मशीनवर दुसरं कोणी तरी बसलं होतं. मग पप्पा काही तरी बोलले, आणि हसण्याचा आवाज आला. मोठा, न थांबणारा. मम्मीही फोनवरच हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. रिबू आणि तुझे पप्पा. त्यांचं आपलं चालूच असतं."

"पण काय म्हणाले?"

"आता ते सांगून नाही कळायचं," मम्मी म्हणाली. "इथं असतीस तर कळलं असतं."